बेंचवर बसण्याचा पगार

हिंजवडीहून गावी, फुलसावंगीला फोन लावला आणि बोलता बोलता सांगून बसलो, "बाबा, सध्या बेंचवर आहे." पलीकडं शांतता. मग दबल्या आवाजात, "काय केलं रे तू? सायबाले उलटा बोलला का?"

बाबांच्या लेखी बेंचवर जाणं म्हणजे गुरुजींनी वर्गात उभं करणं. आमच्या आयटी कंपनीत बेंचवर बसतात, म्हणजे एक प्रोजेक्ट संपलं, दुसरं मिळालं नाही आणि पगार चालू आहे. हे समजावल्यावर ते जास्तच घाबरले. "काम न करता पैसे? मंग कधी ना कधी वापस मांगतीन." शेतकऱ्याला फुकटाची शंका लगेच येते. २०२५ च्या जुलैत टीसीएसनं १२ हजारांवर माणसं कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हा पेपर हातात धरूनच त्यांचा फोन आला. "तुही कंपनी हेच का?" म्हटलं, नाही, दुसरी. "मंग ठीक," म्हणाले. पण पुढचे पंधरा दिवस रोज फोन येत होता.

आमच्या घरी सालगड्याचं साल पाडव्याला ठरायचं. ओट्यावर, चहा पीत, समोरासमोर. रुपये किती, ज्वारी किती, कपडे किती. पटलं नाही तर गडी दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या वावरात. माझं साल एप्रिलमध्ये ठरतं, मी नसताना. सगळ्यांनी चांगलं काम केलं तरी सगळ्यांना चांगले मार्क देता येत नाहीत म्हणे. आणि नाही पटलं, तर नव्वद दिवसांची नोटीस. आमच्या गड्यानं असली अट ऐकली असती तर चहासुद्धा अर्धा सोडून उठला असता.

पण नाक मुरडायला मला तोंड नाही. दिवाळीला कापसाला काय भाव मिळेल, हे आमच्या घरात आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. माझा पगार मात्र महिनाअखेरीला बरोबर येतो, पाऊस पडो न पडो. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नांदेडला झालं, ते कंपनीच्या विम्यात. विमा नसता तर नाल्याकाठचं एखादं एकर गेलं असतं. त्यामुळे आई कंपनीबद्दल एक वाईट शब्द ऐकून घेत नाही. फुकट कॉफीचं मशीन, एसी बस, मुलीकडच्या मंडळींचा अचानक मऊ झालेला आवाज हे सगळं वेगळंच.

अडचण एकच. मी काय बनवतो, ते दाखवता येत नाही. चौदा महिने आम्ही साठेक माणसं एका बटणावर होतो. ते आधी निळं होतं. आता जरा कमी निळं आहे.

आणि माझं गाव देशाला माहीत झालं ते आठवीपर्यंत शिकलेल्या एका वेल्डरमुळे. यूट्यूब बघून, स्वतःच्या हातानं त्यानं हेलिकॉप्टर उभं केलं. दोन वर्षं रात्री जागून. २०२१ च्या ऑगस्टमध्ये चाचणी घेताना पातं तुटलं, त्याच्या डोक्याला लागलं आणि तो गेला. चोवीस वर्षांचा होता. आमच्या कंपनीत असता तर हेल्मेट, बारा परवानग्या आणि सुरक्षेची ऑनलाइन परीक्षा यांतून तो जगला असता. हेलिकॉप्टर मात्र आजही मीटिंगमध्येच असतं. यातलं कुठलं पारडं जड, हे त्या पोराच्या गावात बसून मला बोलवत नाही.

मागच्या सुट्टीत बाबाच म्हणाले, "तू बनवलेलं काहीतरी दाखव तं." मोठ्या उत्साहानं मोबाईल काढला. ॲप शोधलं. 'हे ॲप तुमच्या देशात उपलब्ध नाही.' बाबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, मोबाईल परत दिला आणि स्वतःचा पुढं केला. "बरं, हा हँग होते. तू तं कंप्युटरवाला ना?"

तासभर खटपट केली. शेवटी चौकातल्या मोबाईलच्या दुकानात नेला. तिथल्या पोरानं दहा मिनिटांत चालू करून दिला. पन्नास रुपये घेतले. तेही बाबांनीच दिले.