व्याह्याचं गुड मॉर्निंग

परभणीहून जिंतूरकडं निघालं की वाटेत झरी लागते. कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या मधोमध वसलेलं गाव. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्या जिल्ह्यातला माणूस आपल्याकडं काही कमी आहे हे सहसा कबूल करत नाही. तात्या मात्र एका गोष्टीची टंचाई चारचौघांत, पारावर बसून, न लाजता सांगतात: मोबाईलमधल्या जागेची.

तात्या हे कुणा एकाचं नाव समजू नका. स्टँडवर उभं राहून ‘तात्या, मेमरी फुल झाली का?’ असा आवाज दिला तर दोन-चार माना तरी वळतील. वय साठीच्या अलीकडं-पलीकडं. पांढरा शर्ट, वरच्या खिशात फोन, फोनच्या कव्हरात आधार कार्ड, घडी घातलेली शंभराची नोट आणि कुठल्यातरी खताच्या दुकानाचं बिल. फोन 32 जीबीचा. त्यातली बरीचशी जागा कंपनीनं आधीच अडवलेली, उरलेली तात्यांनी.

ही जागा अडते कशानं? दरवर्षी 18 मेला परभणीच्या कृषी विद्यापीठाचा वर्धापनदिन असतो. 1972 साली त्या दिवशी विद्यापीठ सुरू झालं, म्हणून खरीप मेळावा त्याच तारखेला. रब्बीचा मेळावा 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. तात्या दोन्ही मेळाव्यांना जातात आणि प्रत्येक स्टॉलवरच्या प्रत्येक पाटीचा फोटो काढतात. ज्वारीचं नवं वाण, तुरीवरची अळी, ठिबकचं अनुदान, बोंडअळीचे कामगंध सापळे, सगळं. फोटो हलला असेल या भीतीनं दोनदा. पाटीपुढं कुणाचं डोकं आलं तर तिसऱ्यांदा. डोकं आलेला फोटोही राहतो, कारण ते डोकं ओळखीच्या माणसाचं निघतं.

मग कागदपत्रं. पंधरा रुपये भरून काढलेला डिजिटल सातबारा पीडीएफमध्ये आहे. त्या पीडीएफचा स्क्रीनशॉट आहे. त्याच्या प्रिंटचा फोटो आहे, त्या प्रिंटवर सही-शिक्का झाल्यावरचा आणखी एक. मी एकदा त्यांना डिजिलॉकर सांगून पाहिलं. 2015 पासून आहे, सरकारी आहे, फुकट आहे, कागद तिथंच राहतात, फोनमध्ये जागा लागत नाही. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजे कागद सरकारकडंच ठिवायचा, अन् सरकारनं मागितला की सरकारलाच दाखवायचा. मग आपल्याकडं काय राहिलं?”

ज्या माणसानं तलाठ्यापासून तहसीलपर्यंत एकेका पावतीसाठी खेटे घातले आहेत, त्याच्या या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

तरीही पाट्या आणि सातबारे मिळून फोन भरत नाही. भरतात ती नाती. फोनमध्ये जागा उरली नाही की शहाणा माणूस काय करतो? व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेजवर जातो. तिथं 5 एमबीपेक्षा मोठ्या फाइली वेगळ्या काढलेल्या असतात, अनेकदा फॉरवर्ड झालेला माल वेगळा असतो, वरून खाली टिचक्या मारत उडवता येतो. तात्यांना ही वाट ठाऊक आहे, पण ती पटत नाही. त्यांच्या लेखी फाइल मोठी की लहान हा प्रश्नच नाही. पाठवली कुणी, हा प्रश्न. भावकीतल्याचं उडवता येतं, त्यांच्याशी बांधावरून भांडण आहेच. पुतण्याचं उडवलं तरी तो विचारणार नाही. साल्याचं उडवलं तर रात्री स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज येतील. आणि व्याह्याचं? व्याह्याचं उडवायचं नाव काढू नये. सेलूचे व्याही रोज पहाटे पाचच्या ठोक्याला गुड मॉर्निंग टाकतात: गुलाबाचं फूल, चहाचा कप, त्यावर दव आणि खाली सुविचार. एकादशीला विठ्ठल, शनिवारी मारुती. लेक ज्या घरात दिली तिथून आलेल्या विठ्ठलाला कचऱ्यात कसं टाकावं?

“उद्या त्यांच्या पोरानं फोन हातात घेतला अन् आपला विठ्ठल दिसंना, तर?” तात्या विचारतात.

हे झरीतलंच खूळ आहे असं मात्र कुणी म्हणू नये. 2018 च्या जानेवारीत अमेरिकेच्या वॉल स्ट्रीट जर्नलनं यावर मोठी बातमी छापली होती. भारतातले फोन सारखे भरून बंद का पडतात, हे गुगलच्या लोकांनी शोधलं, तेव्हा मूळ सापडलं या सकाळच्या फुलांत. वेस्टर्न डिजिटल या साठवणुकीची साधनं बनवणाऱ्या कंपनीचा आकडाही त्या बातमीत होता: भारतात दर तीन स्मार्टफोनवाल्यांपैकी एकाची जागा रोज संपते, अमेरिकेत दहातल्या एकाची. गुगलनं त्याआधीच, डिसेंबर 2017 मध्ये, फोन साफ करणारं एक ॲप आणलं होतं आणि गुड मॉर्निंगची चित्रं हुडकून उडवायची सोय त्यात मुद्दाम बसवली होती. हे सगळं मी तात्यांना सांगितलं. वाटलं, चपापतील. त्यांचा चेहरा उजळला.

“आरं, म्हंजे आपल्या व्याह्याचं नाव अमेरिकेपोत्तर गेलं म्हणा की!”

त्याच संध्याकाळी त्यांनी ही बातमी सेलूला कळवली. दुसऱ्या दिवसापासून पहाटे दोन फुलं यायला लागली.

खरी कसोटी लागली ती कापसात. ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021 ला राज्यभर सुरू झाली, तेव्हापासून सातबाऱ्यावर पीक चढवायचं तर शेतकऱ्यानं आपल्या गटात उभं राहून, ॲपमधून पिकाचा फोटो काढायचा. पारावर बसून चालत नाही, जागा ॲपला कळते. मुदत संपत आलेली. तात्या आणि मी गुडघाभर चिखल तुडवत शेतात पोचलो. कापूस छातीला लागत होता. तात्यांनी ॲप उघडलं. ॲप म्हणालं, आधी मला अपडेट करा. अपडेट म्हणालं, जागा नाही.

“काय उडवू?” मी फोन हातात घेत विचारलं.

“बघ काहीतरी.”

मी गॅलरी उघडली. मेळाव्याच्या पाट्या दाखवल्या. तात्या म्हणाले, त्यातलं एक वाण पुढच्या साली घ्यायचंय. कुठलं ते आठवत नाही, म्हणून सगळेच राहू दे. सोयाबीन पाण्यात उभं असल्याचे मागच्या पावसातले फोटो निघाले. त्या वेळी विम्याची सूचना 72 तासांच्या आत द्यावी लागायची, म्हणून तात्यांनी चारही कोपऱ्यांतून काढले होते. विम्याचा निकाल कधीच लागून गेला होता. “राहू दे. पुन्हा काढली फाइल तर?” मग लग्नाचा व्हिडिओ आला. एका मिनिटाचा व्हिडिओ सहज शंभर एमबी खातो, हा तर अकरा मिनिटांचा होता, आणि त्यातली नऊ मिनिटं मांडवातला पंखा. तात्या पडद्यावर वाकले. पंख्याखाली, एका कोपऱ्यात, पाठमोरे व्याही उभे होते.

डोक्यावर ढग गडगडायला लागला. तात्यांनी डोळे मिटून पुतण्याचा वाढदिवस उडवला, केक कापण्यापासून केक फासण्यापर्यंत सगळा. तरी जागा मोकळी होईना. फोटो गुगलच्या गॅलरीत होते. तिथं उडवलेलं आधी ट्रॅशमध्ये जाऊन बसतं: बॅकअप झालेलं 60 दिवस, न झालेलं 30. तात्यांना ही सोय फार आवडते. निर्णय घेतल्याचं समाधानही मिळतं आणि माल घरातच राहतो. ट्रॅश रिकामा करायला मी बोट पुढं केलं तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं, एकदा ढगाकडं बघितलं आणि हात सोडला. फोटो निघाला. त्यात कापूस आहे, पावसाचा पहिला थेंब आहे आणि तात्यांचा अंगठा आहे.

आता तुम्ही म्हणाल, बॅकअप का घेत नाहीत? घेतात की. तात्यांच्या बॅकअपचा इतिहास मोठा आहे. 2015 साली गुगलनं फोटो फुकट ठेवायची सोय काढली, हवे तेवढे. स्टँडजवळच्या दुकानातल्या पोरानं तात्यांना जीमेल काढून दिलं आणि पासवर्डही स्वतःच ठरवला. पुढं ते पोरगं पुण्याला कामाला गेलं, पासवर्ड त्याच्याबरोबर गेला. फोन बदलला की दुसरं जीमेल, दुसरं पोरगं. 1 जून 2021 पासून फुकटचं संपलं. आता 15 जीबीत मेल, फोटो, ड्राइव्ह सगळं मावायला हवं, आणि ॲण्ड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही 2024 पासून त्यातच मोजतात. त्यात गुगलनं दोन वर्षं न उघडलेली खाती काढून टाकायला डिसेंबर 2023 पासून सुरुवात केली. तात्यांची निदान तीन खाती अशी कुठंतरी बेवारस पडली असावीत. त्यातल्या एकात नातवाचं बारसं आहे. कुठल्या, ते त्या पोरालाच माहीत.

महिना 130 रुपये भरले तर 100 जीबी मिळते, हे मी सुचवून बघितलं.

“भाडं? रिकाम्या जागेचं?” तात्यांनी घराकडं हात केला. माजघरात छताला टेकलेला कापूस होता.

तो हात उगाच केलेला नव्हता. 2022 च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. ज्यांनी दिवाळीच्या तोंडावर घातला ते हळहळले, ज्यांनी घरात कोंडून ठेवला त्यांनी मोटारसायकली घेतल्या. पुढच्या वर्षी सगळ्यांनीच कोंडला आणि भाव पडला, अंगाला खाज सुटली ती वेगळीच. पण तात्यांच्या मनावर कोरलं गेलं ते पहिलंच वर्ष. ठेवलेल्याला भाव येतो. फोटोही त्यांनी भाव येईपर्यंत धरून ठेवलेत, कापसासारखे.

काकूंचं मत वेगळं आहे. त्यांचाही फोन 32 जीबीचाच, निम्मा रिकामा. येईल ते बघतात, हसतात, उडवतात, व्याहीणबाईंचंसुद्धा. “कापूस निदान इकता तरी येतो,” त्या म्हणतात, आणि पुढं बोलायची गरज त्यांना वाटत नाही.

मध्ये तात्यांनी एका जत्रेतून 500 जीबीचं मेमरी कार्ड आणलं होतं, दोनशे रुपयांत. फोननं ते 500 चंच दाखवलं. असल्या नकली कार्डात आत जागा असते थोडीच, वरची पाटी मात्र मोठी. आतली जागा संपली की नवे फोटो जुन्यांच्या उरावर बसतात. तात्यांना हे कळलं तेव्हा अर्धा मेळावा करडा झाला होता.

पुण्याच्या लेकीनं मग वडिलांना रीतसर बसवून नियम शिकवला. पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरनं रूढ केलेला 3-2-1 चा: कुठल्याही गोष्टीच्या प्रती तीन, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. ओटीजीचा पेनड्राइव्ह आणून दिला. तात्यांनी विचार केला आणि म्हणाले, हे तर आपण करतोच. एक प्रत आपल्या फोनमध्ये, एक पेनड्राइव्हवर, आणि एक व्याह्याला टाकलेली.

लेकीनं कपाळावर हात मारला. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो बारीक होऊन जातो, कुठं काढला ती नोंदही गळते. तसाच्या तसा पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा लागतो. तात्या त्या दिवसापासून सगळंच डॉक्युमेंट म्हणून पाठवतात. स्वतःचं गुड मॉर्निंगसुद्धा. सेलूला सुविचार आता मूळ आकारात पोचतो.

मग तो फोन विहिरीत गेला. थ्री फेजची वीज रात्रीची होती, मोटार चालू करायला तात्या टॉर्च लावून वाकले आणि वरचा खिसा रिकामा झाला. कव्हरातलं आधार कार्ड तेवढं दुसऱ्या दिवशी तरंगत वर आलं. पेनड्राइव्ह कुठं, तर कापसात. कापूस विकल्याशिवाय सापडायचा नाही आणि भाव आल्याशिवाय कापूस विकायचा नाही. पासवर्डाचं पोरगं फोन उचलेना. नवा फोन 128 जीबीचा घेतला, नंबर तोच घातला. व्हॉट्सॲप उघडलं, तर ग्रुप सगळे जागेवर आणि आत काहीच नाही. तात्यांना जेवण गेलं नाही.

रविवारी आम्ही सेलूला गेलो. व्याह्यांनी चहा दिला, फोन दिला आणि म्हणाले, “बघून घ्या, तुमचं आम्ही काहीच काढलेलं नाही. तुमचं कसं काढावं?” त्यांच्या नातवानं क्विक शेअर लावलं. दोन्ही फोन बाजेवर शेजारी ठेवले आणि इंटरनेटशिवाय सगळा संसार सरकायला लागला. कापूस आला, अंगठ्यासकट. पाण्यातलं सोयाबीन आलं. अकरा मिनिटांचा व्हिडिओ आला. कुठल्याशा वर्षी तात्यांनी पाठवलेलं नातवाचं बारसंही आलं, तेव्हा तात्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. मागोमाग गुलाबाची फुलं यायला लागली. चहाचे कप, दव, सुविचार, मारुती. शेकड्यांनी. तात्यांनी इतक्या वर्षांत सेलूला पाठवलेलं एकूण एक गुड मॉर्निंग, शेवटची सगळी मूळ आकारात.

परतीच्या एसटीत मी फोन चाळत म्हणालो, “तात्या, ही तर तुमचीच. तुम्हीच पाठवलेली. आता तरी उडवू का?”

तात्यांनी फोन हातातून काढून घेतला आणि शर्टाच्या आतल्या खिशात टाकला.

“आपली कशी? व्याह्यानं दिलीत ना.”