उणे दहा

जानेवारीतला मराठी भाषा संवर्धन पंधरवडा संपत आला की आम्हा लिहिणाऱ्यांना कॉलेजांचे फोन सुरू होतात. यंदाचा फोन असा होता : "सर, काव्यवाचनाचे पाहुणे शेजारच्या तालुक्यानं पळवले हो. तुम्ही विकिपीडियावर काहीतरी घ्याल का? दोन तासांत आटपू. मुलं शंभर आहेत, कॉम्प्युटर वीस आहेत, त्यांतले बारा चालतात." मराठीच्या विभागप्रमुखांनी हा आकडा इतक्या प्रामाणिकपणे सांगितला की नाही म्हणवेना.

पोचलो तेव्हा बॅनर लागलेलं होतं. त्यावर 'विकीपिडीया' असं छापलं होतं. संवर्धनाच्या पंधरवड्यात ऱ्हस्व-दीर्घाला एवढी सूट असते. पंखा बंद करून दीपप्रज्वलन झालं, पंखा चालू करून स्वागतगीत झालं. शाल, श्रीफळ, परिचय, परिचय करून देणाऱ्यांचा परिचय. मग प्राचार्य बोलायला उभे राहिले. "श्रीधर व्यंकटेश केतकरांनी 23 खंडांचा ज्ञानकोश केला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला मराठी विश्वकोश उभारला. तीच परंपरा आज आपण दुपारी दीडपर्यंत पुढे नेणार आहोत."

टाळ्या पडल्या. केतकरांना त्या कामासाठी कंपनी काढून भाग विकावे लागले होते आणि विश्वकोशाचा पहिला खंड वाचकांच्या हाती पडायला 1976 साल उजाडलं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात चहा आला.

प्रत्यक्ष कामाला सव्वाबारा झाले. पहिलं काम, खाती उघडणं. सहा मुलांची खाती झटपट उघडली. सातव्याला यंत्रानं नकार दिला. आठव्यालाही. झालं होतं असं की विकिपीडिया एका अंकपत्त्यावरून, म्हणजे आयपी ॲड्रेसवरून, एका दिवसात सहाच खाती उघडू देतो. उपद्रवी लोकांनी खात्यांचं पीक काढू नये म्हणून. आणि कॉलेजचे बाराही कॉम्प्युटर एकाच जोडणीवर, म्हणजे विकिपीडियाच्या लेखी ते एकच घर, आणि त्या घरात सहा मुलांनंतर पाळणा थांबवायचा. कार्यशाळा आहे असं आधी कळवलं तर ही मर्यादा सैल करून मिळते. पण आपल्याकडे 'आधी' म्हणजे सत्काराच्या आधी. शेवटी मुलांनी आपापल्या मोबाइलचा डेटा चालू केला आणि निम्मी-शिम्मी आत शिरली. सदस्यनामं पाहिली. दोन 'किंग', तीन 'कट्टर', आणि एक 'फक्त आईसाठी'.

एरवी मराठी विकिपीडियाला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, पण 1 मे 2003 पासून तिथे राबणाऱ्या मंडळींनी नावं ठेवली आहेत मात्र झकास. सरावाच्या पानाला 'धूळपाटी'. सगळ्यांनी मिळून वाद घालायच्या जागेला 'चावडी'. कुणी पानाची नासधूस केली तर तो 'उत्पात'. मी धूळपाटीचं कौतुक सांगत होतो, पूर्वी पंतोजी पाटीवर धूळ पसरून अक्षरं कशी गिरवून घेत वगैरे. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, धूळपाटीचे मार्क धरणार का?"

धरणार नाहीत म्हटल्यावर सगळा वर्ग थेट मुख्य लेखांवर चालून गेला.

आता मार्कांवरून आठवलं. 2011 साली विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशननं पुण्यातल्या काही कॉलेजांत एक प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांनी इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे आणि त्याचे अभ्यासक्रमात गुण मिळवायचे. कल्पना उत्तम, देशी-विदेशी कौतुकही झालं. मग मुलांनी जे त्यांना बालवाडीपासून शिकवलं होतं ते केलं. पुस्तकं उघडली, संकेतस्थळं उघडली आणि उतरवून काढलं. जगभरचे स्वयंसेवक रात्ररात्र जागून ती उतरवलेली पानं पुसत बसले आणि नोव्हेंबर उजाडेपर्यंत प्रयोग आवरता घ्यावा लागला. तेव्हा पुष्कळांनी मुलांना दोष दिला. मी नाही देत. ज्या पोरानं दहावीला गाइडमधलं उत्तर स्वल्पविरामासकट पाठ केलं म्हणून त्याच्या आईनं पेढे वाटले, त्याला काही महिन्यांत प्रताधिकार म्हणजे काय ते कसं कळावं? त्याच्या दृष्टीनं दुसऱ्याचं वाक्य बदलणं हा उद्धटपणा होता.

तर आमच्या शंभरांतले साठ जण कामाला लागले. वीस मिनिटांत पहिला लेख तयार झाला, संस्थेच्या संस्थापकांचा. प्राचार्य स्वतः त्या मुलाच्या खुर्चीमागे उभे होते, त्यामुळे हे यश उत्स्फूर्त होतं असं म्हणता येणार नाही. पहिलं वाक्य 'शिक्षणमहर्षी' या शब्दानं सुरू व्हायचं, मग 'सहकारातील दीपस्तंभ', 'बहुजनांचे कैवारी', 'युवकांचे आशास्थान'. माणसाचं नाव तिसऱ्या ओळीत. जन्मतारीख नव्हती, पण वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. मी म्हटलं, ज्ञानकोशात पदव्या-विशेषणं चालत नाहीत, माणूस कधी जन्मला आणि त्यानं काय केलं एवढंच लिहायचं. तो मुलगा गोंधळला. त्याचा काही लबाडीचा विचार नव्हता. त्याला मनापासून नीट लिहायचं होतं, आणि नीट म्हणजे कसं, तर चौकातल्या फ्लेक्ससारखं. गेल्या वीस वर्षांत या मुलांनी जे मराठी गद्य रोज मान वर करून वाचलंय ते तेवढंच आहे.

"आणि संदर्भ?" मी विचारलं.

"संदर्भ म्हणजे कुणाचा नंबर द्यायचा, सर?"

प्राचार्यांनी संस्थेची स्मरणिका पुढे केली. लेख तिथूनच उतरवला होता, तेव्हा आता स्मरणिकाच लेख आणि स्मरणिकाच संदर्भ. आपला साक्षीदार आपलाच मेहुणा असावा तसं. मी सांगितलं की स्वतःच्या संस्थेबद्दल स्वतःच लिहिणं तिथे चांगलं समजत नाहीत. बाहेरच्या, त्रयस्थ कुणी छापलेलं लागतं. प्राचार्य म्हणाले, "अहो, अख्ख्या तालुक्याला माहीत आहे!" आणि इथे मला त्यांची थोडी कीवही आली. कारण अख्ख्या तालुक्याला माहीत असणं हा विकिपीडियावर पुरावा होत नाही. गावचा बाजार सोमवारी भरतो हे गावातल्या म्हशीलाही ठाऊक असतं, पण ते छापून येईपर्यंत अधांतरीच. उलट एखादा वार्ताहर एसटीतून उतरून, 'बाजार मंगळवारी' असं चुकीचं छापून गेला, की त्या मंगळवाराला आधार मिळतो.

याचा अर्थ या सदरात मी काही लिहिलं तर तोही संदर्भ होऊ शकतो. हे लक्षात आल्यापासून मला नीट झोप लागलेली नाही.

एका कोपऱ्यात एक मुलगी मात्र मघापासून काहीच लिहीत नव्हती, नुसती वाचत होती. तिच्या गावाचं पान उघडलं होतं. कुणीतरी पूर्वी कधी लिहिलेल्या चार ओळी. तिनं बोट ठेवलं : 'या गावाला थोर ऐतिहासिक वारसा लाभला आहे.'

"सर, किती थोर ते कुठे छापलंय का?"

"नाही बहुधा."

"मग काढू?"

तिनं 'थोर' काढलं. बदलाच्या कारणात लिहिलं : 'विशेषणाला आधार नाही.' मग बदल प्रकाशित केला आणि मोबाइल दप्तरात टाकून एसटी पकडायला निघून गेली. दीड वाजला होता. उरलेले सगळे प्रमाणपत्रांच्या रांगेत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अलीकडील बदल पाहिले. संस्थापक गेले होते. जाहिरात आणि प्रताधिकारभंग अशी दोन्ही कलमं लागली होती. दोन्ही 'किंग' उत्पात म्हणून उलटवले गेले. कुणीतरी इंग्रजी लेख यंत्राकडून भाषांतरित करून चिकटवला होता, त्यावर सुधारणेचा साचा चढला होता. शंभर मुलांच्या कार्यशाळेतलं टिकलेलं काम एकच, त्या मुलीचं. त्याच्यापुढे लाल अक्षरांत आकडा होता : उणे 10. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. थ, काना-मात्रा आणि र मिळून नऊ, आणि पुढच्या मोकळ्या जागेचा एक.

मी तो आकडा विभागप्रमुखांना कौतुकानं कळवला. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीसाठी अहवाल त्याच दिवशी जायचा होता. जिओ-टॅग केलेले फोटो लावून तयार होता. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"सर, फॉर्ममध्ये 'एकूण भर' असा रकाना आहे. त्यात उणे चालत नाही हो. मी अधिक 10 टाकलंय."

प्राचार्यांची त्यावर सही झाली आहे.