शनिवारचे नवरे

सुरतेतल्या उधन्याकडची एक मराठी माध्यमाची शाळा. दुसरीचा वर्ग, गुजरातीचा तास. पालकसभा जवळ आलेली, म्हणून गुजराती शिकवणाऱ्या बेननी पहिल्या बाकावरच्या पोराला विचारलं, "शनिवारे तारा पप्पा नवरा छे?"

पोरगं क्षणभर बघतच राहिलं. मग म्हणालं, "हो बेन. रोजच."

गुजरातीत नवरा म्हणजे रिकामा, सवड असलेला. (मराठीत तसं नसतं असं आमची ही म्हणते, पण ते सोडा.) बेनना मराठी अर्थ कळला तेव्हा त्या पोरांपेक्षा जास्त हसल्या. त्या वर्गातलं एकही पोर आता हा शब्द जन्मात विसरणार नाही. साहित्य लागलं नाही, खर्च आला नाही, अहवालही गेला नाही. म्हणून याला शैक्षणिक खेळ म्हणत नाहीत.

शैक्षणिक खेळाला आधी प्रशिक्षण लागतं. प्रशिक्षणाला हॉल, हॉलला प्रोजेक्टर, प्रोजेक्टरवर "खेळातून शब्दसंपत्ती" अशी पाटी आणि दुपारी थंडगार भजी. मग शिक्षक शाळेत येऊन चित्रांची कार्डं करतात, लॅमिनेट करतात आणि कपाटात कुलूप लावून ठेवतात. पोरांनी हात लावला तर खराब होतील ना! फोटो काढण्यापुरती ती बाहेर येतात. फोटोतली पोरं हसत असतात, कारण तसं सांगितलेलं असतं.

आणि खेळ तरी कुठले? हँगमन. फळ्यावर फाशीचा खांब, अक्षर चुकलं की माणसाचा एकेक अवयव, शब्द सापडेपर्यंत माणूस लटकलेला. इंग्रजीची अक्षरं एकेकटी राहतात, त्यांचं तिथे निभतं. आपल्याकडे 'खिडकी'साठी तीन घरं आखा. पोरगं म्हणतं "क". बरोबर की चूक? 'की' आहे, 'क' नाही. मग का? कि? की? बाराखडी संपेपर्यंत माणूस गेलेला असतो. गुजरातीत खिडकीला बारी म्हणतात, तर तो शब्द उच्चारला रे उच्चारला की आमची पोरं रांग लावतात. "माझी बारी, माझी बारी!"

खरं तर सुरतेइतकं शब्दांच्या खेळाला तयार मैदान दुसरीकडे मिळायचं नाही. इथली महापालिका गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, उडिया आणि तेलुगू अशा सात माध्यमांच्या शाळा चालवते. मधल्या सुट्टीत नळावर उभं राहिलं तरी तीन भाषांत ढकलाढकली होते. नुसते मराठी-गुजरातीतले फसवे शब्द घेतले तरी वर्षभर पुरतील. शेजारचा मुलगा आनंदाने सांगतो, "अमारा मासा आव्या छे," आणि आमचं पोर विचारतं, काय किलो? आलेले असतात त्याच्या मावशीचे यजमान. दादा म्हणावं तर आमच्याकडे थोरला भाऊ धावत येतो, त्यांच्याकडे आजोबा काठी टेकत येतात. मराठी बाई म्हणतात "खाली बस", गुजराती पोराला रिकामी बस मिळाल्याचा आनंद होतो. बाईंचं तर विचारूच नका. आम्ही ज्या शब्दाने गुरूला हाक मारतो, त्या शब्दाने ते धुणंभांडीवालीला मारतात. एका नव्या शिक्षिकेने त्यावरून दोन दिवस अबोला धरला होता.

सरकारही या खेळात उतरलंय, पण नकळत. गुजरातच्या प्राथमिक शाळांत 2010 पासून 'प्रज्ञा' नावाची योजना आहे, म्हणजे 'प्रवृत्ती द्वारा ज्ञान'. गुजरातीत प्रवृत्ती म्हणजे उपक्रम. लिंबायतचा एखादा मराठी बाप हे वाचतो आणि आपल्या पोराची प्रवृत्ती आठवून गप्प बसतो.

यातली सगळ्यात मोठी गंमत मात्र कपाटाबाहेरच राहिली आहे. लिंबायत, डिंडोली, उधन्यातली बरीच पोरं घरी मराठी बोलतच नाहीत, अहिराणी बोलतात. आई विचारते, "तुन्हं नाव काय शे?" बेन विचारतात, "तारुं नाम शुं छे?" 'शे' आणि 'छे' यांच्यात एका उंबरठ्याचं अंतर. घरचं 'बठ्ठा', बेनचं 'बधा'. भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रियर्सनने 1907 च्या आपल्या खंडात खानदेशीला, म्हणजे या अहिराणीला, मराठीबरोबर न बसवता भिल्लीच्या पंगतीत, गुजरातीच्या शेजारी बसवलं. त्यावर विद्वानांनी हवं तेवढं भांडावं. दुसरीतल्या पोराला ही जवळीक म्हणजे फुकटचा पूल आहे. आम्ही काय करतो? मराठीच्या तासाला 'शे' म्हटलं म्हणून पोराला दटावतो आणि पुढच्या तासाला 'छे' नव्याने शिकवतो, कार्ड दाखवून.

शिकवायला तर हवंच. फेब्रुवारी 2023 मध्ये गुजरात विधानसभेने पहिली ते आठवी गुजराती सक्तीची केली. न शिकवणाऱ्या शाळेला पहिल्या वेळी 50 हजार दंड, दुसऱ्या वेळी 1 लाख, तिसऱ्या वेळी 2 लाख. सापशिडीच, फक्त शिड्या काढलेली. महाराष्ट्राने 2020 मध्येच मराठीसाठी तसाच कायदा केला, त्यामुळे मुलुंडच्या गुजराती पोराने आमच्या पोराला हसायचं कारण नाही.

खेळातून शिकवणं तसं जुनंच. गिजुभाई बधेकांनी वकिली सोडून भावनगरला बालमंदिर काढलं ते 1920 मध्ये. पोरं खेळात शिकतात हे त्यांनी करून दाखवलं आणि लोकांनी त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, म्हटलं. आपल्या ताराबाई मोडक तिथे जाऊन हेच काम शिकल्या आणि पुढे ते बोर्डी-कोसबाडला घेऊन आल्या. एक गुजराती, एक मराठी, आणि लॅमिनेशनचं यंत्र कुणाकडेच नाही. शंभर वर्षांनी तोच विषय आम्हाला प्रोजेक्टरवर दाखवतात, भज्यांसह.

मला विचाराल तर खेळात हरायची सोय हवी. प्रशिक्षणातल्या खेळात सगळ्यांनाच स्टार मिळतो, चूक कुणाची होतच नाही, त्यामुळे शब्दही कुणाला चिकटत नाही. उत्तरायणाला गच्चीवर बघा. ढील, लपेट, फिरकी, "काप्यो छे!" हे शब्द भुसावळहून मामाकडे आलेलं पोरगंसुद्धा संध्याकाळपर्यंत बिनचूक बोलतं, कारण 'ढील' आणि 'खेंच'मध्ये गफलत झाली की पतंग जातो. गल्लीतल्या क्रिकेटचा वर्ग तर त्याहून जलद. तिथे पहिल्याच ओव्हरला जी सुरती शब्दसंपत्ती हाती लागते ती कुठल्याही कार्डावर नाही, आणि या सदरातही येणार नाही.

तर, तो शनिवार. पालकसभेला पोरगं आईला घेऊन आलं. बाप लूमच्या खात्यावर, बारा तासांच्या पाळीला. बेननी पुन्हा विचारलं, पप्पा?

पोराने छाती काढून, अस्खलित गुजरातीत सांगितलं, "ना बेन. पप्पा नवरा नथी."

मागून आईचा धपाटा बसला. "काय बोलना रे तू?"