लाल माणूस

एमएस प्रोजेक्ट या नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच माणसावर एकाच वेळी शंभर टक्क्यांहून जास्त काम टाकलं, की त्या कामांशेजारी लाल माणूस उमटतो. साहेब मग त्याची कमाल मर्यादा दोनशे टक्के करून टाकतात. माणूस तोच, दिवसही तोच. लाली तेवढी जाते. ‘लेव्हलिंग’चं बटण आहे म्हणा, पण ते दाबलं की कामं पुढे सरकतात, आणि तारीख तर ग्राहकाला आधीच देऊन बसलेत.

अशा साहेबांची नियोजन-बैठक हमखास महाबळेश्वरला भरते. स्ट्रॉबेरी-क्रीम आटोपून मंडळी पंचगंगा मंदिरात जातात. एकाच गोमुखातून कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री! साहेब भारावतात: एक रिसोर्स, पाच प्रोजेक्ट!

कृष्णेचं पाणी वाटताना मात्र बच्छावत लवादाने आधी मोजलं: २०६० टीएमसी. मग महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्रला ८००. बेरीज जुळते. (भांडणं मिटली नाहीत, ते सोडा.) म्हणजे नदीलासुद्धा शंभर टक्क्यांची मर्यादा आहे, साहेबांच्या टीममधल्या टेस्टिंगवाल्या पोरीला नाही. ती सहलीला आलेलीच नाही. तिच्या तिसऱ्या प्रोजेक्टचं आज रिलीज आहे.