अण्णांना सुळे नव्हते

मुखवटा ३४९ रुपयांना होता आणि उद्या घरपोच येणार होता. सूनबाईने मोबाईल माझ्या नाकासमोर धरून या दोन्ही गोष्टी दाखवल्या. मी नेमका रद्दी बांधत बसलो होतो. रद्दीचा किलोचा भाव कळला की माणसाला कागदाबद्दल एकाएकी माया दाटून येते. त्या मायेच्या भरात मी बोलून गेलो, "विकत कशाला? मी करून देतो की. फुकटात."

स्वयंपाकघरात पातेलं आपटलं. लग्नाला अडतीस वर्षं झाल्यामुळे मला भांड्यांची भाषा कळते. पातेलं म्हणत होतं, "गेल्या वर्षीचा आकाशकंदील आठवतोय ना?"

गोष्ट २०२४च्या दिवाळीतली. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी आली आणि त्याच संध्याकाळी आमच्या खारघरच्या सोसायटीत मुलांचं हॅलोवीन ठरलं. व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन दिवस धुमश्चक्री चालली. एका गटाचं म्हणणं, पहाटे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडून नरकासुर मारायचा आणि संध्याकाळी त्यालाच क्लबहाऊसमध्ये केक खायला बोलवायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं? दुसऱ्या गटाचं म्हणणं, मुलांचे ड्रेस आणून झालेत. दुसरा गट जिंकला. आणून झालेल्या ड्रेसपुढे शास्त्राचं काही चालत नाही.

मी तटस्थ होतो. मी मूळचा गुहागरकडचा, आणि आमच्याकडे शिमग्यात संकासूर येतो. काळा पायघोळ पोशाख, टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. घुंगरं वाजली की मी माजघरात कणगीमागे दडून बसायचो. सातव्या वर्षी कणगीमागून त्याचे पाय नीट दिसले आणि उजव्या पायाची वाकडी करंगळी ओळखीची निघाली. ती आमच्या धाकट्या काकांची होती. त्या दिवशी भीती गेली, आणि काकांबद्दलचा आदरही थोडासा तिच्याबरोबर गेला. सांगायचा मुद्दा, चेहरा झाकून दुसऱ्याला घाबरवायचं शिक्षण आपल्याला अमेरिकेकडून घ्यावं लागलेलं नाही. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात देवादिकांची आणि राक्षसांची सोंगं रात्रभर नाचतात. गोव्यात तर नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गल्लोगल्ली कागदाचे आणि गवताचे नरकासुर उभे राहतात नि पहाटे जाळले जातात. त्याआधी पोरं दारोदार फिरून त्याच्यासाठी वर्गणीही मागतात. राक्षसाच्या नावाने दारोदार हात पसरण्याला इंग्रजी नाव दिलं की त्याचं 'ट्रिक ऑर ट्रीट' होतं, एवढाच काय तो फरक.

शिवाय हे हॅलोवीन मुळात पितरांचंच प्रकरण आहे. आयर्लंडकडच्या जुन्या समजुतीप्रमाणे त्या रात्री मेलेल्यांचे आत्मे या जगात येतात. त्यांनी आपल्याला ओळखू नये म्हणून लोक तोंडं झाकून हिंडत. सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. पुढे दुष्काळात देशोधडीला लागलेले आयरिश लोक अमेरिकेला गेले, तिथे त्यांना भोपळा सापडला आणि सलगम सुटला. आमच्या शेजारी बंगाली कुटुंब आहे. त्यांनी आदल्याच संध्याकाळी भूतचतुर्दशीचे चौदा दिवे लावले, चौदा पिढ्यांच्या पूर्वजांसाठी. आपल्याकडे धनत्रयोदशीला यमाच्या नावाने दक्षिणेकडे वात करून दिवा ठेवतातच. म्हणजे त्या आठवड्यात आमच्या मजल्यावर मेलेल्या माणसांची ये-जा एवढी होती, की लिफ्ट वेळेवर येत नव्हती यात नवल नाही.

असो. मुखवटा.

कागदी मुखवट्याची कृती सोपी आहे, म्हणून ती फसते. डोक्याएवढा फुगा फुगवायचा. त्याला खोबरेल तेलाचा हात फिरवायचा, म्हणजे कागद चिकटून बसत नाही. वर्तमानपत्राच्या पट्ट्या करायच्या, पण कात्रीने नव्हे, हाताने फाडून. कापलेली कड वाळल्यावर उठून दिसते, फाटलेली बेमालूम बसते. पहिला थर उभा, दुसरा आडवा, असे पाच-सहा थर द्यायचे. आणि चिकटवायला खळ. एक वाटी मैदा पाण्यात कालवून गुठळ्या मोडायच्या, आणखी चार-पाच वाट्या पाणी घालायचं, मंद आचेवर ढवळत राहायचं आणि खळीला चकाकी आली की उतरवायचं.

या कृतीतला मैदा शंकरपाळ्यांसाठी आणलेला होता, हे मला खळीला चकाकी आल्यावर सांगण्यात आलं.

बुकबाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात, म्हणजे कीड लागत नाही. पण मोरचूद विषारी आणि मुखवटा जाणार सात वर्षांच्या पोराच्या तोंडावर, त्यामुळे तो प्रश्नच नव्हता. ही म्हणाली, "मेथ्या घाला वाटून. तुमच्या आई कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करायच्या, त्यात घालायच्या." मी म्हणालो, "मुखवटा करतोय, मेथीचे लाडू नाही." हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

राक्षस म्हणून मी मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे दोन दांडगे कान लावले. नाकासाठी अंड्याच्या ट्रेचा एक शंकू कापून बसवला. तो किंचित डावीकडे झुकला. राक्षसाचं नाक सरळ असावं असा नियम नसल्यामुळे मी ते तसंच ठेवलं आणि ऐवज गॅलरीत वाळायला टांगला. समोर खारघरचा डोंगर, खाली तीन इमारतींची बांधकामं. ऑक्टोबरचं ऊन असल्यामुळे दिवसभरात वाळेल असा हिशोब होता, पण खळीचे सहा थर म्हणजे सहा थर. चार दिवस लागले. तक्रार नाही. आमच्या बेलापूर-पेंधर मेट्रोचं काम २०११ साली सुरू झालं आणि पहिली गाडी २०२३च्या नोव्हेंबरात धावली. त्या मानाने मी घाई केली असंच म्हणायला हवं.

या चार दिवसांत दोन गोष्टी माझ्या नकळत घडल्या. एक, खालच्या बांधकामांची धूळ ओल्या खळीवर बसून मुखवट्याला छान गव्हाळ वर्ण आला. दोन, फुग्यातली हवा. दिवसा उन्हाने ती फुगे, रात्री आकसे. आकसताना ओला कागदही आत ओढला जाई. चौथ्या दिवशी फुगा फोडून पाहतो तर राक्षसाच्या कपाळावर, दोन भुवयांच्या बरोबर मध्ये, एक उभी खोल आठी पडलेली.

मी सुळे कापायला पुठ्ठा घेतला. ही चहा घेऊन आली आणि कप हातात तसाच धरून उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "हे अण्णा आहेत."

अण्णा म्हणजे माझे सासरे. चिपळूणजवळच्या शाळेत तीस वर्षं मुख्याध्यापक. मी मुखवट्याकडे पाहिलं. डावीकडे झुकलेलं नाक. दांडगे कान. गव्हाळ वर्ण. आणि ती आठी! मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा 'पगार किती' या प्रश्नाचं उत्तर ऐकून जी पडली होती, तीच. अडतीस वर्षांनी ती माझ्याच हातून खारघरला पुन्हा पडली.

"योगायोग आहे," मी म्हणालो. "सुळे लावले की जाईल."

"अण्णांना सुळे नव्हते," ही म्हणाली. "कवळी होती."

"अगं, पण हा राक्षस आहे."

"तुम्हाला तसं वाटायचंच."

आता यावर कुठला नवरा काय बोलणार? शिंगं सुचवायची तर सोयच उरली नव्हती. संध्याकाळी मुलाने मध्यस्थी केली. त्याला सिनेमाचा नाद आहे. तो म्हणाला, "बाबा, १९७८च्या 'हॅलोवीन'मध्ये हेच झालं होतं. जॉन कार्पेंटरकडे पैसे नव्हते. त्यांनी दुकानातून दोन डॉलरच्या आतला एक मुखवटा आणला. तो 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनरचा चेहरा होता. पांढरा रंग फासला, डोळ्यांची भोकं मोठी केली, केस विस्कटले. जगातला सगळ्यात भयंकर खुनी झाला." म्हणजे एका भल्या माणसाच्या चेहऱ्याला चुना फासला की काम भागतं. माझ्याकडे घर रंगवताना उरलेला पांढरा प्रायमर होताच. मी आशेने हिच्याकडे पाहिलं.

"माझ्या वडिलांना चुना?" असं ती म्हणाली नाही. पातेलं म्हणालं.

तिढा सोडवला नातवाने. तो या सगळ्या वेळात मुखवटा तोंडाला लावून आरशासमोर उभा होता. तो म्हणाला, "आजी, मग मी भूत नाही होत. मी अण्णाच होतो."

मग माझी भूमिका संपली. हिने सूत्रं हाती घेतली. मुलाच्या लग्नातला बंदगळ्याचा काळा कोट खांद्यांवर टाचण्या मारून आखूड केला. ट्रंकेतली काळी टोपी निघाली. छडी म्हणून फुलझाडाला आधार दिलेली बांबूची कामटी उपटली. मुखवट्याला जुन्या पायजम्यातलं इलॅस्टिक लागलं, भुवया काजळाने रंगल्या. शेवटी तिने नातवाला समोर बसवून दोन तास शिकवणी घेतली. काय शिकवलं ते मला सांगितलं नाही.

३१ तारखेला संध्याकाळी सोसायटीत तेवीस भुतं जमली. पैकी अकरा व्हॅम्पायर, सगळे एकाच कंपनीचे, एकाच किमतीचे. त्यांना पाहून कोणीही घाबरत नव्हतं. पालक त्यांचे फोटो काढत होते. तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि काळ्या कोटातले साडेतीन फुटी अण्णा बाहेर आले. त्यांनी छडी जमिनीवर दोनदा आपटली.

लहान मुलांना काहीच वाटलं नाही. पण पन्नाशीच्या पुढचे जेवढे पुरुष खुर्च्यांवर बसले होते ते उठून उभे राहिले. आमच्या कमिटीच्या एका ज्येष्ठ सभासदाने तर हातातला वेफर मागे लपवला. मी शपथेवर सांगतो.

दारोदार फिरणं सुरू झालं. बाकीची भुतं 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणत होती. अण्णा दार उघडणाऱ्याकडे क्षणभर रोखून पाहत आणि विचारत, "एकोणीस सक?"

एक निवृत्त इंजिनिअर आहेत. आयुष्यभर पूल बांधले. ते दारात उभे राहून बोटांवर काहीतरी मोजू लागले, मग म्हणाले, "बाळ, थांब हं," आणि आतून बेसनाचे दोन लाडू घेऊन आले. चौथ्या मजल्यावर चकल्या मिळाल्या. सातव्या मजल्यावर एका काकूंनी एकशे चौदा हे बरोबर उत्तर दिलं, तर अण्णांनी मान डोलावून त्यांनाच एक चॉकलेट दिलं. हेही शिकवणीतलंच असणार. बाकी मुलांच्या भोपळ्यांत गोळ्या-चॉकलेटं जमली, आमच्या पिशवीत अख्खा फराळ. शंकरपाळेसुद्धा आले, दोन घरांतून. हिने ते वाटीत ओतून माझ्यासमोर ठेवले आणि काही बोलली नाही.

साडेआठच्या सुमाराला मात्र कागदाने दगा दिला. ऑक्टोबरचा उकाडा, आतून पोराचा श्वास आणि घाम. खळ ओलाव्याला विरघळते हे मी विसरलो होतो. मुखवटा खालून मऊ पडत गेला, हनुवटी आत गेली, ओठ मिटून आतल्या बाजूला वळले. अण्णा रात्री कवळी पाण्यात काढून ठेवल्यावर जसे दिसत, हुबेहूब तसे दिसायला लागले. ही त्या चेहऱ्याकडे पाहत होती. मग तिने नातवाच्या तोंडावरून तो अलगद उतरवला आणि पदराने आतला घाम टिपला. घाम नातवाचा होता.

रात्री मी हिशोब मांडला: फुगे, रंग, ब्लेडचं पाकीट, मैद्याची दुसरी पिशवी. बेरीज करायच्या आधी कागद फाडून टाकला. हाताने, पट्ट्या करून.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. मुखवटा टीव्हीच्या वर खिळ्याला टांगलेला. देव नव्हे म्हणून हळदकुंकू नाही, तसबीर नव्हे म्हणून हार नाही. पण सूनबाई टीव्हीचा आवाज आपोआप कमी ठेवायला लागली, आणि मी गेले कित्येक दिवस सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेलो नाही.

डिसेंबरात धूळ झटकताना पाहिलं तर डाव्या कानाला कसर लागली होती. पाळी जवळजवळ खाल्ली गेलेली. मी धसकलो. मेथ्यांचं ते वाक्य माझं होतं. कान झाकायला मी मुखवटा जरा तिरका टांगत होतो, तोवर ही मागे येऊन उभी राहिली. तिने पाहिलं.

"डाव्या कानाने त्यांना तसंही कमीच ऐकू यायचं," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिने मूठभर मेथ्या भिजत घातल्या.