वांद्र्यातले मूळचे कोण?

अहो वहिनी, तो पाट घ्या पायाखाली, भिंतीवरून नुसतं कपाळच दिसतंय तुमचं. हां, आता बोला. काय म्हणाली ती कोपऱ्यावरच्या टॉवरमधली? वांद्र्यात सगळे बाहेरचे भरलेत? आणि ती स्वतः कधी आली? गेल्या दिवाळीत! मनावर घेऊ नका हो. आपल्यामागून आलेल्याला बाहेरचा म्हणणं, ही तर इथली जुनी खोड.

समोरच्या आंटींचंच घ्या. त्या ईस्ट इंडियन. आता यांच्याइतके जुने कोण? कोळी, कुणबी, भंडारी अशी इथलीच माणसं, पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झाली. ते सेंट अँड्र्यूज चर्च 1575 चं आहे, म्हणजे शिवाजी महाराजांच्याही आधीचं. पण इंग्रजांच्या राज्यात गोव्याहून ख्रिस्ती लोक नोकरीला येऊ लागले. आडनावं दोघांची सारखीच, डिसोझा न् परेरा. साहेबाला काय कळतंय कोण कुठला! मग 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, यांनी ईस्ट इंडियन नाव घेऊन असोसिएशनच काढली. आम्ही कंपनी सरकारची जुनी रयत, गोव्याचे नव्हे! नाव एवढं साहेबी, आणि आंटी पोरांवर ओरडतात कशात? मराठीत. यांच्या लग्नात उंबराचं पाणी आणायला बँड लावून विहिरीवर जातात. उन्हाळ्यात मसाला कांडून बियरच्या बाटल्यांत ठासून भरतात, तो बॉटल मसाला. मी मागितला की आंटी बाटली देतात, कृती विचारली की ऐकू येत नाही त्यांना.

पूर्वी माहीमहून इकडे यायचं म्हणजे होडी, आणि होड्या उलटायच्या. जमशेटजी जीजीभाईंच्या बायकोने, अवाबाईंनी, 1,57,000 रुपये दिले तेव्हा कुठे 1845 मध्ये माहीमचा कॉजवे झाला. बाईंची अट होती, टोल घ्यायचा नाही. सी-लिंकवर टोल भरताना आमचे हे दर वेळी अवाबाईंची आठवण काढतात, आणि पुढचं जे बोलतात ते भिंतीवरून सांगण्यासारखं नाही. रस्ता झाला, 1867 ला विरारहून गाडी सुरू झाली, मग काय, ज्याला त्याला वांद्रं जवळचं वाटायला लागलं. गल्लीगल्लीत क्रूस दिसतात ना, त्यातले बरेचसे 1896 च्या प्लेगमधले. रोग आपल्या दारी नको म्हणून उभारलेले. आता त्यातल्या काहींच्या आड रिक्षा लागतात.

पण मला खरं कौतुक सिंध्यांचं. फाळणीत घरदार सोडून आलेली माणसं, आणि येताना काय घेऊन आली? कॉलेज! हो, लिंकिंग रोडवरचं नॅशनल कॉलेज मूळचं सिंधमधल्या हैदराबादचं, 1922 चं. 1949 मध्ये वांद्र्यात पुन्हा उभं केलं. आपण एक फ्लॅट बदलला तर गॅसचं कार्ड सापडत नाही.

आणि आपले मराठी लोक? ते पूर्वेला. साहित्य सहवास लेखकांचा, शेजारी कलानगर चित्रकारांचं. एवढे नामवंत लेखक एका आवारात नांदले, पण तिथलं जगभर गाजलं कोण? रमेश तेंडुलकर या कवीचा धाकटा मुलगा, तोही बॅट घेऊन. त्याच पूर्वेला मुसलमानांचा बेहरामपाडा, घराला घर चिकटलेला. इथल्या कितीजणी तिकडे कधी पाऊल टाकतात, विचारा. स्टेशनचा पूल ओलांडला की परदेश!

म्हणून ते मासिकात येतं ना, वांद्र्यात सगळे गुण्यागोविंदाने राहतात वगैरे, ते मी अर्धंच धरते. तुम्ही भाड्याची जागा बघत होतात तेव्हा आडनाव विचारलंच ना? मासे खाता का, हेही विचारलं असणार. सगळे एकत्र दिसतात ते मोतमाउलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या जत्रेत, 8 सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर. माउलीला मेणाचे हात, पाय, बाळ, घर, जो नवस असेल ते वाहायचं. रांगेत हिंदू, ख्रिस्ती, पारशी, सगळे, आणि धक्के सगळ्यांना सारखे. गेल्या वर्षी माझ्यापुढच्या बाईच्या हातात मेणाचं विमान होतं. मुलाच्या व्हिसासाठी!

कोळी म्हणतात, माउलीची मूर्ती आमच्याच जाळ्यात आली होती. खरं-खोटं माउलीला ठाऊक, पण पोर्तुगीज यायच्या आधीपासून या किनाऱ्यावर जाळी टाकणारे तेच. तेव्हा मूळचे म्हणायचेच तर चिंबईचे कोळी, बाकी आपण सगळे मागून आलेले. त्या टॉवरवालीला सांगा, शंका असेल तर चिंबईला जाऊन विचारून ये. फक्त मासळी विकायच्या वेळी जाऊ नको म्हणावं. तेव्हा कोळणीला भाव सोडून दुसरं काही विचारायचं नसतं.