मिशीला हात लावाल तर!

26 डिसेंबर 2018 च्या रात्री, नाताळचं जेवण अजून पुरतं पचलेलं नसताना, बीबीसीने अगाथा ख्रिस्तीच्या ‘द एबीसी मर्डर्स’ या मालिकेचा पहिला भाग दाखवला. कादंबरी 1936 ची. तिच्यातला खुनी अकारविल्हे खून करत सुटलेला असतो. अ‍ॅन्डोव्हरमध्ये अ‍ॅलिस अ‍ॅशर, बेक्सहिलमध्ये बेटी बर्नार्ड, चर्स्टनमध्ये सर कार्माइकल क्लार्क, आणि प्रत्येक प्रेताजवळ रेल्वेचं एबीसी वेळापत्रक. या खुनांचं ब्रिटिश प्रेक्षकाला फारसं काही वाटलं नाही. त्याचं काळीज हललं ते गुप्तहेर झालेल्या जॉन मॅल्कोविचची दाढी बघून.

दाढी! आणि हर्क्युल पॉयरोला! मेण लावून टोकं वर वळवलेल्या ज्या मिशीवर ख्रिस्तीबाईंनी पानंच्या पानं खर्ची घातली, तिच्या जागी एक करडी, पोक्त दाढी-मिशी. शिवाय पॉयरोचा जिवलग हेस्टिंग्ज गायब. इन्स्पेक्टर जॅप पहिल्याच भागात मरतो. आणि शेवटी कळतं काय, तर बेल्जियममध्ये हा गृहस्थ पोलिसात नव्हताच, धर्मगुरू होता. निवृत्त फौजदार म्हणून वाड्यात वर्षानुवर्षं राहिलेला भाडेकरू मुळात देवळातला पुजारी निघावा, तसं झालं. पटकथाकार सारा फेल्प्स यांना प्रेक्षकांनी फैलावर घेतलं.

गंमत अशी की याच सारा फेल्प्सना तीन वर्षांपूर्वी याच प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं होतं. 2015 च्या नाताळात त्यांनी ‘अँड देन देअर वेअर नन’ पडद्यावर आणली. कादंबरीचा शेवट त्यात तसाच काळाकुट्ट ठेवला होता, म्हणून वाहवा झाली. हाच तो मूळ ग्रंथाला जागणारा बाणेदारपणा, असं सगळे म्हणाले. पण या शेवटाला पहिली कात्री लावली होती ती खुद्द ख्रिस्तीबाईंनीच. 1943 मध्ये स्वतःच्या कादंबरीचं नाटक करताना त्यांनी शेवट बदलून चक्क गोड केला. युद्धाच्या दिवसांत तिकीट काढून आलेल्या माणसाला आणखी रडवायचं कशाला, असा हिशेब असावा.

बाईंचा हात तेवढ्यावर थांबला नाही. ‘अपॉइंटमेंट विथ डेथ’चं नाटक केलं तेव्हा त्यांनी त्यातून पॉयरोला काढून टाकलं आणि खुनाचा उलगडाही बदलला. ‘डेथ ऑन द नाइल’च्या नाटकात पॉयरो नाही, ‘द हॉलो’च्या नाटकातही नाही. टीव्हीवाले दाढी लावतात म्हणून आपण ओरडतो. लेखिकेने तर अख्खा माणूसच घराबाहेर काढला होता. तिच्यावर मोर्चा कोण नेणार?

टीव्हीवाल्यांची खोड बरोबर उलटी. ते माणसं काढत नाहीत, घुसवतात. ‘ऑर्डील बाय इनोसन्स’ या 1958 च्या कादंबरीत ख्रिस्तीबाईंची दुसरी गुप्तहेर मिस मार्पल औषधालाही सापडत नाही. आयटीव्हीने 2007 मध्ये तिला विणकामाच्या पिशवीसकट तिथे नेऊन बसवलं. ‘द सिटाफर्ड मिस्टरी’तही तेच. मग 2018 मध्ये बीबीसीने ‘ऑर्डील’ पुन्हा केली आणि मार्पलला नारळ दिला, पण खुनीच बदलला. पुस्तक वाचलेला प्रेक्षक सोफ्यावर मोठ्या आत्मविश्वासाने बसला होता. पहिल्या भागापासून तो एका पात्राकडे बघून गालातल्या गालात हसत होता, बायकोला सूचक खाकरून दाखवत होता. तिसऱ्या भागात खुनी भलताच निघाल्यावर त्याचं तोंड कसं झालं असेल, याची कल्पनाच केलेली बरी. पुस्तक न वाचलेली बायको मात्र म्हणाली असेल, ‘छान होतं की!’

पॉयरोच्या बाबतीत मोजपट्टी एकच: डेव्हिड सुशे. 1989 ते 2013, टीव्हीवर सत्तर भाग. भूमिका मिळाल्यावर या माणसाने पुस्तकं वाचून पॉयरोच्या लकबींची 93 कलमी यादी केली. चहात साखरेचे खडे किती, इथपर्यंत. अंगावर पोट बांधलं. चाल मात्र जमेना. मग त्याला लॉरेन्स ऑलिव्हिएचा एक किस्सा आठवला: पार्श्वभागात एक पेनी घट्ट धरून ती पडू न देता चालायचं. सुशेने तसा सराव केला आणि ती तुरुतुरु, लगबगीची चाल सापडली. पुढची जवळपास पंचवीस वर्षं जगभरचे प्रेक्षक जिला बेल्जियन रुबाब समजत होते, तिच्या मुळाशी एक नाणं होतं.

पण सुशेची मालिका तरी पुस्तकाशी किती इमानदार? सुरुवातीच्या बहुतेक कथा तिने 1930 च्या दशकात नेऊन बसवल्या, मूळ कथा कधीच्याही असोत. जॅप, हेस्टिंग्ज आणि पॉयरोची सेक्रेटरी मिस लेमन, ज्या कथांत नव्हते, तिथेही हजर. 1992 च्या ‘एबीसी मर्डर्स’मध्ये तर हेस्टिंग्ज दक्षिण अमेरिकेतून पेंढा भरलेली मगर घेऊन येतो आणि पॉयरोला भेट देतो. ही मगर पुस्तकात कुठेही नाही. तिच्याविरुद्ध कुणी आवाज केला नाही, उलट ती लाडकी झाली. मगर चालते, दाढी चालत नाही! प्रेक्षकाचं इमान पुस्तकाशी नसतं. ज्या पॉयरोबरोबर त्याने रविवारची संध्याकाळ काढलेली असते, त्याच्याशी असतं.

ते इमान जुळायलाही वेळ लागतो. पीटर उस्तिनोव्हला पॉयरोच्या वेषात पाहून ख्रिस्तीबाईंची मुलगी रोझालिंड म्हणाली, हा काही पॉयरो नव्हे. त्यावर उस्तिनोव्हने, आता आहे, असं उत्तर दिल्याचं सांगतात. त्याच उस्तिनोव्हबरोबर 1985 च्या ‘थर्टीन अ‍ॅट डिनर’ या टीव्ही चित्रपटात इन्स्पेक्टर जॅप कोण होता? डेव्हिड सुशे. ते काम आपल्या आयुष्यातलं सर्वांत वाईट, असं तो स्वतःच सांगतो.

मराठी माणसाने यावर फार हसू नये. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा पोरगा फास्टर फेणे 2017 मध्ये अमेय वाघच्या रूपाने थोराड होऊन पडद्यावर आला, तेव्हा आपल्याकडेही ‘आमचा फेणे असा नव्हता’ म्हणणारे कमी नव्हते. दिलीप प्रभावळकरांना खुद्द भागवत करून समोर उभं केलं, तेव्हा कुठे थोडी शांतता झाली.

सगळ्यांचं एकमत कुठे होत असेल तर ते जोन हिक्सनवर. 1940 च्या दशकात तिला रंगभूमीवर पाहून ख्रिस्तीबाईंनी चिठ्ठी धाडली होती, की एक दिवस तुम्ही माझी मिस मार्पल व्हाल अशी आशा आहे. तो दिवस उजाडायला जवळपास चाळीस वर्षं लागली. बीबीसीची ‘द बॉडी इन द लायब्ररी’ डिसेंबर 1984 मध्ये आली, तेव्हा हिक्सन अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि बाई हयात नव्हत्या. पुढे 1992 पर्यंत तिने मार्पलच्या बाराही कादंबऱ्या केल्या. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी इथूनच करावी. मग ‘द बॉडी इन द लायब्ररी’वरचीच आयटीव्हीची 2004 ची फिल्म पाहावी. तिचा उलगडा वेगळा आहे. दोन्ही वेळा पुस्तक वाचलेल्या नातेवाइकाला मात्र शेजारी बसवू नये.